बुरशीचे बारसे

बालाघाटचा डोंगर आणि सीताफळ यांचे नाते बीड जिल्ह्यातील श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. धारूर, अंबाजोगाई, पाटोदा या भागांतील मुरमाड उतारांवर, जेथे दुसरे फळझाड मूळ धरावयास राजी नसते तेथे, सीताफळीची झुडपे आपोआप उगवतात. शेळी त्यांच्या पानाला तोंड लावीत नाही, खताची त्यांना अपेक्षा नाही, आणि पाणी मिळते तेवढे पावसाचे. भाद्रपद संपत आला की फळांचे डोळे उघडू लागतात, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत डोंगराकडेच्या गावांतील बायामाणसांच्या पाट्यांतून हे फळ बाजारात उतरते. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईस आहे, आणि ‘धारूर-६’ हा वाण तेथलाच. गंमत अशी, की ज्याला आपण रानमेवा म्हणतो ते हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. ते इकडे आले, रानात शिरले आणि रानचेच होऊन बसले.

परंतु आमचा आजचा विषय पाटीत भरलेले फळ हा नसून पाटी भरताना बाजूला फेकलेले फळ हा आहे. कोणत्याही झुडपाखाली पाहा. काळी पडलेली, आक्रसलेली, काही तर दगडासारखी कडक झालेली फळे दिसतील. फळे तोडणारी बाई ‘हे गेलं’ एवढे म्हणून ते टाकून देते आणि पुढच्या फांदीकडे वळते. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण समजा, कोणी जिज्ञासू माणसाने ते फळ उचलले, आणि त्यावर जी बुरशी वाढली आहे ती जगात आजवर कोणी नोंदलेली नाही अशी त्याला शंका आली, तर पुढे काय व्हावयाचे? ती बुरशी कोणती हे ठरवावयाचे कसे, आणि ती ‘नवी’ आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा प्राप्त होतो?

वर्तमानपत्रांत अधूनमधून ‘नवी जाती सापडली’ अशी बातमी येते. ती वाचून आपली अशी समजूत होते, की शेतात नांगरताना एखादे जुने नाणे सापडावे तशी ही जाती सापडली असेल. वस्तुतः तसे नसते. रानात सापडते ती बुरशी. ती नवी आहे हे रानात कळत नाही. ते कळते जुन्या नमुन्यांशी, जुन्या वर्णनांशी आणि जुन्या नावांशी ताडून पाहिल्यावर. नवेपणा हा तुलनेचा निकाल आहे, आणि कोणत्याही निकालाप्रमाणे त्यालाही पुरावा, साक्षीदार आणि नोंद लागते. हा सर्व खटला कसा चालतो तेच आज आपण पाहू.

पहिली पायरी म्हणजे, फळ काळे पडले ते बुरशीनेच पडले काय, ही शंका. सीताफळ काळे पडण्याची कारणे अनेक आहेत. हंगामाच्या अखेरीस थंडी पडू लागली की काही फळे झाडावरच पिकावयाची थांबतात, तपकिरी होतात आणि सुकून कडक होतात. हा झाडाच्या प्रकृतीचा दोष. त्यात आधी बुरशीचा हात असेलच असे नाही. दुसरे कारण पिठ्या ढेकूण. ही पांढरी कीड फळाच्या खाचांत बसून गोड चिकट स्राव टाकते आणि त्या स्रावावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. ही बुरशी खरीच, पण ती फळात शिरत नाही. ओल्या बोटाने पुसली तर निघून येते आणि खाली फळाची साल चांगली दिसते. तिसरा प्रकार खऱ्या रोगाचा. यात डाग सालीतून गरात उतरतो आणि पुसून जात नाही. एवढ्या साध्या परीक्षेनेच निम्मे काम होते. ज्याने ती केली नाही तो पिठ्या ढेकणावर बुरशीनाशक मारीत बसतो, आणि पैसा व मेहनत दोन्ही वाया घालवितो.

आता खरा डाग मिळाला असे समजू. धारदार पात्याने त्याचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बुरशीचे अंतरंग दिसू लागते. बुरशीला मूळ, खोड, पान नाही. तिचे शरीर म्हणजे सुतासारख्या तंतूंचे जाळे. हे जाळे बहुतेक बुरशांत सारखेच दिसते, म्हणून ओळख पटावयाची ती बीजुकांवरून. बीजुक म्हणजे बुरशीचे ‘बी’ म्हणा, पण एवढे लहान, की त्याचे माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात घ्यावे लागते.

सीताफळावरील दोन बुरशांचे उदाहरण घेऊ. एकीचे नाव कॉलेटोट्रायकम. हिच्यामुळे होणाऱ्या रोगाला करपा म्हणतात. दमट हवेत हिच्या डागावर नारिंगी रंगाचे बारीक थेंब दिसतात; ते तिच्या बीजुकांचे पुंजके. प्रत्येक बीजूक रंगहीन, एकाच कप्प्याचे, दोन्ही टोकांना गोलसर अशा लहान कांडीसारखे असते आणि त्याची लांबी साधारण पंधरा मायक्रॉनच्या आसपास भरते. दुसरी लॅसिओडिप्लोडिया. हिची बीजुके कोवळी असताना रंगहीन व एकाच कप्प्याची असतात. पण जून झाली की गडद तपकिरी होतात, मध्ये आडवा पडदा पडून त्यांचे दोन कप्पे होतात, आणि अंगावर उभ्या रेघा उमटतात. ती पहिलीच्या दीडपट-दुप्पट मोठी असतात. नुसत्या डोळ्यांना दोन्ही फळे सारखीच काळी. काचेखाली मात्र दोन बुरशांत तूर आणि ज्वारी यांच्या दाण्यांइतका फरक.

परंतु सडलेल्या फळावर एकच पाहुणा नसतो. रोग करणारी बुरशी आत असते आणि मेलेल्या सालीवर चरावयास आलेल्या दहा जणी बाहेर असतात. खऱ्या गुन्हेगाराला गर्दीतून वेगळे काढावयाचे, तर तिचे शुद्ध संवर्धन करावे लागते. त्याची कृती स्वयंपाकघरातल्यासारखीच आहे. दोनशे ग्रॅम बटाटे उकडून त्यांचे पाणी गाळून घ्यावयाचे, त्यात वीस ग्रॅम द्राक्षशर्करा आणि पंधरा-वीस ग्रॅम आगर नावाचा समुद्रशेवाळाचा चीक घालून एक लिटर खळ करावयाची, आणि ती दाबयुक्त वाफेत जंतुरहित करून काचेच्या चपट्या बशांत ओतावयाची. जेथे डाग संपतो आणि निरोगी भाग सुरू होतो त्या सीमेवरचा चिमूटभर तुकडा वरून औषधाने धुऊन या बशीत ठेवला, की चार-सहा दिवसांत त्यातून तंतू पसरू लागतात. मधला काळा भाग न घेता सीमेवरचा घ्यावयाचा, कारण पुढे सरकणारी बुरशी तेथेच असते. मागे उरतात त्या उष्टे खाणाऱ्या.

अशी शुद्ध बुरशी मिळाल्यावर ती पुन्हा निरोगी फळावर लावून पाहावयाची. शेजारी काही फळांना नुसत्या निर्जंतुक पाण्याचा हात लावून ठेवावयाचा. बुरशी लावलेल्या फळांवर तोच डाग उमटला, पाणी लावलेली चांगली राहिली, आणि नव्या डागातून तीच बुरशी पुन्हा निघाली, तर गुन्हा शाबीत झाला असे समजतात. ही रीत गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या रोगजंतूंवरील कार्यातून रूढ झाली. तिचे मुख्य सूत्र आजही वापरतात, मात्र पुढे तीत काही बदल करावे लागले.

येथपर्यंतचे काम कष्टाचे असले तरी सरळ आहे. खरी कसोटी यापुढे, म्हणजे नाव ठरविताना लागते. बुरशीला नाव देण्याची घाई किती घातक ठरते, हे वर उल्लेखिलेल्या कॉलेटोट्रायकमच्याच इतिहासावरून दिसते. १८८२ साली इटलीत पेंझिग याने लिंबाच्या वर्गातील झाडावरील एका बुरशीचे वर्णन केले. तिलाच आज कॉलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑयडिस म्हणतात. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी एक सोपी वाट धरली. आंब्यावर सापडली तर एक जाती, पपईवर सापडली तर दुसरी, अशी झाडागणिक नवी नावे पडत गेली, आणि या गटात सुमारे ७५० नावे जमा झाली. १९५७ साली व्हॉन आर्क्स या अभ्यासकाने हे सारे नमुने व वर्णने तपासली आणि या गर्दीतून फक्त ११ जाती शिल्लक ठेवल्या! बाकीची नावे म्हणजे एकाच माणसाला प्रत्येक गावात वेगळे नाव पडावे तसा प्रकार होता.

ही कथा येथेच संपती, तर ‘नवी जाती म्हणू नका’ एवढाच धडा निघाला असता. पण पुढे उलट बाजू उघडकीस आली. बीजुके दिसावयास सारखी असली तरी आतली घडण सारखी असेलच असे नाही. डी. एन. ए. म्हणजे प्रत्येक जिवाच्या पेशीत चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला मजकूर. तो वाचण्याची साधने हाती आल्यावर बुरशांची ही लिपीही वाचली जाऊ लागली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आग्नेय आशियातील उष्ण प्रदेशीय फळांवरची, ग्लिओस्पोरिऑयडिस म्हणून समजली जाणारी बुरशी तपासली, तेव्हा पेंझिगची खरी जाती त्या फळांवर जवळजवळ आढळलीच नाही. २०१२ साली याच एका नावाखाली दडलेल्या बावीस वेगवेगळ्या जाती मांडण्यात आल्या. म्हणजे ज्यांनी शेकडो नावे दिली ते चुकले, आणि ज्यांनी सगळ्यांना एकच नाव दिले तेही पुरते बरोबर नव्हते. म्हणून सीताफळावरील करप्याच्या जुन्या नोंदीत हे नाव दिसले, तर ते एका जातीचे नाव नसून एका कुटुंबाचे आडनाव आहे असे समजावे. आडनावावरून घर कळते, माणूस कळत नाही.

लिपी वाचावयाची म्हणजे सारा ग्रंथ वाचावा लागत नाही. बुरशांसाठी आय. टी. एस. नावाचा साधारण पाचशे ते सातशे अक्षरांचा एक उतारा ओळखीची खूण म्हणून २०१२ साली सर्वमान्य झाला. तो वाचून आंतरराष्ट्रीय संग्रहातील उताऱ्यांशी ताडून पाहतात. पण येथेही सावधपणा हवा. कॉलेटोट्रायकमसारख्या गटात एवढा एक उतारा जातीजातींतील भेद दाखवू शकत नाही; आणखी चार-पाच जनुके वाचावी लागतात. शिवाय संग्रहात कोणी चुकीच्या नावाखाली उतारा ठेवला असेल, तर त्याच्याशी जुळणारी आपली बुरशीही तेच चुकीचे नाव घेऊन बसते. म्हणून तुलना करावयाची ती कोणत्याही नमुन्याशी नव्हे, तर ज्या मूळ नमुन्यावरून ते नाव पडले त्याच्याशी. यंत्र कितीही नवे असो, शेवटी जुन्या कपाटाचे दार उघडावेच लागते.

नाव लावण्याला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या भाकरीत आहे. ज्वारी फुलोऱ्यात असताना हवा ढगाळ व दमट राहिली, की कणसातून मधासारखे चिकट थेंब गळतात आणि दाणा भरत नाही. शेतकरी याला चिकटा म्हणतो; पण पानांवर मावा पडून चिकटपणा आला तरी त्यालाही चिकटाच म्हणतो. एक नाव, दोन कारणे. १९१७ साली मद्रास इलाख्यातील कवकशास्त्रज्ञ मॅक्रे यांनी कणसातील या बुरशीला स्फेसेलिया सॉर्गाय असे नाव दिले. १९२६ साली मुंबई इलाख्यातील एस. एल. आजरेकर यांनी या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बुरशी फुलातील बीजांडकोशावर कसा घाला घालते ते दाखविले. परंतु या बुरशीची केवळ एक अवस्था माहीत होती. तिची पूर्ण, म्हणजे लैंगिक अवस्था काळ्या कठीण गाठी रुजल्याशिवाय दिसणार नव्हती. ती कर्नाटकात कुलकर्णी, शेषाद्री आणि हेगडे यांनी पाहिली व १९७६ साली क्लॅव्हिसेप्स सॉर्गाय हे नाव दिले. पहिल्या नावापासून पूर्ण नावापर्यंत एकोणसाठ वर्षे लागली!

पुढे १९९१ साली आफ्रिकेतील ज्वारीवरची अशीच बुरशी निराळी आहे असे ठरून तिला क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना हे नाव मिळाले. गाठींचा आकार आणि त्यांतील रासायनिक द्रव्ये यांवरून दोघींतला भेद दिसून आला होता. हा भेद केवळ पंडिती नव्हता. ही आफ्रिकाना १९९५ साली ब्राझीलमध्ये, १९९६ साली ऑस्ट्रेलियात आणि १९९७ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोहोचली. दोघींना एकच नाव असते, तर कोणती बुरशी समुद्र ओलांडून हिंडते आहे आणि कोणत्या बियाण्याला बंदरावर अडवावयाचे, हे कळले नसते. तीच आफ्रिकाना भारतातही आहे हे गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस उघड झाले. तोपर्यंत आपल्या शेतातील चिकट्याला आपण एकच नाव लावीत होतो.

आता पुन्हा आपल्या सीताफळाकडे येऊ. समजा, सर्व पायऱ्या झाल्या, बीजुकांची मापे घेतली, एक-दोन नव्हे तर तीस-पन्नास बीजुके मोजून सरासरी काढली, संवर्धनाचा रंग व वाढ नोंदली, लिपी वाचली, आणि बुरशी कोणत्याही नोंदलेल्या जातीशी जुळेना. मग तिचे बारसे करावयाचे. आपल्याकडे बारशाला आत्या लागते, तशी येथे आंतरराष्ट्रीय नियमावली लागते. नाव दोन शब्दांचे. पहिला वंशाचा, दुसरा जातीचा, आणि दोन्ही लॅटिन वळणाचे. जातीचे नाव आश्रय देणाऱ्या झाडावरून, गावावरून किंवा गुणावरून ठेवता येते. भारतात सापडल्यामुळे इंडिका झालेली उदाहरणे पुष्कळ आहेत. १९३१ साली मित्रा यांनी वर्णन केलेली गव्हावरील टिलेशिया इंडिका ही काजळी त्यांपैकीच.

नुसते नाव ठेवून मात्र भागत नाही. नव्या जातीचे वर्णन छापून प्रसिद्ध करावे लागते. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत हे वर्णन लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालते. १९५८ पासून मूळ नमुना कोणता हे स्पष्ट सांगितल्याशिवाय नाव ग्राह्य धरीत नाहीत. २०१३ पासून प्रत्येक नव्या नावाला मान्य नोंदवहीतील क्रमांक घ्यावा लागतो; आणि त्याच वर्षापासून एका बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावे देण्याची जुनी मुभाही बंद झाली आहे. मूळ नमुना सुकवून, किंवा संवर्धन असेल तर त्याची वाढ थांबवून, सार्वजनिक संग्रहात ठेवतात. वाढत असलेले जिवंत संवर्धन मूळ नमुना म्हणून चालत नाही, कारण जिवंत वस्तू बदलत जाते. आणि साक्षीदार बदलणारा नको.

असे संग्रह आपल्या राज्यातही आहेत. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधनसंस्थेला आज तिचे संस्थापक शं. पु. आघारकर यांचे नाव आहे. तेथील बुरशांचा वाळविलेला संग्रह वर सांगितलेल्या आजरेकरांच्याच नावाने ओळखला जातो, आणि जिवंत बुरशांचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच आहे. कामत, पटवर्धन, राव आणि साठे यांनी महाराष्ट्रातील बुरशांची सूची केली व ती १९७१ साली राहुरीच्या कृषी विद्यापीठाने प्रसिद्ध केली. ज्याला ‘ही बुरशी नवी’ असे म्हणावयाचे आहे, त्याने आधी अशा कपाटांची आणि सूचींची पायरी चढली पाहिजे.

यात नगरवासी श्रोत्याचे काम काय? सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा प्रत्येकाच्या घरी नसते, पण या साखळीतला पहिला दुवा प्रयोगशाळेत तयार होत नाही. तो रानात तयार होतो. डाग पडलेले फळ आणावयाचे झाल्यास ते कागदाच्या पुडीत आणावे. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजते आणि रात्रीतून दुसऱ्याच बुरशा त्यावर माजतात. जाड फळ असेल तर डागासकट पातळ चकत्या करून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवाव्या. पुडीवर चार गोष्टी लिहाव्या: झाड कोणते, गाव व शिवार कोणते, तारीख कोणती, आणेल त्याचे नाव कोणते. या चारांपैकी एक जरी नसली, तरी पुढच्या शंभर वर्षांत त्या पुडीचा कोणाला भरवशाने उपयोग करता येणार नाही. आणि या चारही असल्या, तर आज ज्याचे नाव ठरत नाही त्याचे नाव पन्नास वर्षांनी नवे साधन हाती आल्यावर ठरविता येते. कॉलेटोट्रायकमच्या घोटाळ्याचा उलगडा झाला तो याच प्रकारच्या जपून ठेवलेल्या पुड्यांमुळे.

जगात आजवर सुमारे दीड लाख बुरशांना नावे मिळाली आहेत. २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणे एकूण जाती बावीस ते अडतीस लाखांच्या दरम्यान असाव्यात. म्हणजे पंधरांपैकी चौदा जणी अजून बिननावाच्या आहेत असे धरावयास हरकत नाही. त्या कोठल्या तरी दूरच्या अरण्यातच असतील असे मानण्याचे कारण नाही. सीताफळ, बोर, करवंद, भोकर, जांभूळ ही आपल्या डोंगरातली फळे बुरशांचीही घरे आहेत, आणि डोंगराकडेच्या गावांत या फळांवर दसरा-दिवाळीचा बाजारहाट अवलंबून असणारी कुटुंबेही आहेत. त्यांच्या पाटीतील जे फळ फेकले जाते, ते कशाने फेकले जाते हे नेमके कळले, तर औषध मारावे, की छाटणी करून काळी फळे झाडावरून काढून जाळावी, की थंडीआधीच तोडणी उरकावी, याचा निर्णय अदमासाने न होता माहितीने होईल. बुरशीचे बारसे करावयाचे ते तेवढ्याचसाठी. तिला नवी म्हणण्याचा आनंद अभ्यासकाला खुशाल मिळो. पण तिला नेमके ओळखण्याचा लाभ मात्र ती पाटी डोक्यावर घेऊन बाजाराची वाट चालणाऱ्या बाईच्या पदरी पडला पाहिजे.